सही मागाहून, आधी कागद: इस्टेट सेलमधली तीन अमेरिकन चित्रं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. न्यू जर्सीतल्या एडिसनजवळच्या इस्टेट सेलमधून (घरातलं सगळं सामान विकायला काढतात ती विक्री) तीन फ्रेम घेतल्यात. पहिली, शेताचं काळंपांढरं लिथोग्राफ (दगडावर काढून कागदावर छापलेलं चित्र), '१९३९' आणि पेन्सिलने सही, पण नंबर नाही. दुसरी, रंगीत स्क्रीनप्रिंट (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापलेलं), खाली २७/७५ आणि कोपऱ्यात शाईविना उठवलेला बारीक शिक्का. तिसरी, कोळशाचं रेखाटन, सही पुसट. खरी आहेत का, आणि पुण्याला न्यायची तर कशी?

काचेआडून काढलेल्या फोटोवरून कोणी छातीठोक 'खरं' किंवा 'खोटं' सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. सही ही नक्कल करायला सगळ्यात सोपी गोष्ट. कागद आणि शाई यांची नक्कल अवघड, म्हणून सुरुवात तिथून.

फ्रेम स्वच्छ कापडावर पालथी ठेवा, मागचा कागद कापा, बारीक खिळे पक्कडीने काढा. मागे गॅलरीचं, फ्रेमवाल्याचं लेबल असेल तर फोटो काढून तेवढा तुकडा जपून ठेवा. कागद काचेला चिकटलेला दिसला तर तिथेच थांबा, ओढू नका. विशेषतः स्क्रीनप्रिंटची शाई दमटपणाने काचेला धरते आणि ओढली की काचेवरच राहते. ते काम कागदाच्या संवर्धकाचं, म्हणजे जुने कागद जपणाऱ्या तज्ज्ञाचं.

मग तीन वस्तू हव्यात: दहा पटीचं भिंग, टॉर्च, आणि ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च. कागद खिडकीसमोर धरून जलचिन्ह शोधा. आर्श, रिव्ह अशी फ्रेंच कागदांची नावं दिसली तर कागद चांगला, एवढंच कळतं. चित्र खरं ठरत नाही. अंधारात अतिनील प्रकाश टाका. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात कृत्रिम उजळक आहे, आणि ते कागदात सर्रास येऊ लागले १९५० च्या सुमारास. १९३९ चं म्हणवणारं चित्र असं चमकलं तर शंका घ्यायला जागा आहे. उलटं खरं नाही: न चमकणारा कागद आजही मिळतो.

पहिल्या चित्राला नंबर नाही म्हणून घाबरू नका. १९३४ साली रीव्हज लेवेनथालने न्यूयॉर्कमध्ये 'असोसिएटेड अमेरिकन आर्टिस्ट्स' ही संस्था काढली आणि ग्रँट वुड, टॉमस हार्ट बेंटन, जॉन स्ट्यूअर्ट करी या चित्रकारांची सही केलेली प्रिंट्स पाच डॉलरला एक अशी विकली. आवृत्ती, म्हणजे एका चित्राच्या छापलेल्या एकूण प्रती, साधारण २५० ची, सही पेन्सिलची, आणि नंबर बहुधा नसायचाच. नंबर घालायची शिस्त अमेरिकेत खऱ्या अर्थाने १९६० नंतर रुजली. वुडचं 'सल्ट्री नाइट' मात्र १०० प्रतींवरच थांबलं, कारण उघड्याने अंघोळ करणारा शेतकरी पोस्टखात्याला अश्लील वाटला आणि त्यांनी ते टपालाने पाठवायला नकार दिला.

भिंगाखाली दगडावरच्या लिथोग्राफचा दाणा पाटीवर खडू ओढल्यावर उमटतो तसा दिसतो: ठिपके लहानमोठे, वेडेवाकडे, रांग नाही. ठिपके सरळ जाळीत बसलेले दिसले तर ते छापखान्यातलं पुनर्मुद्रण. सहीवर तिरपा टॉर्च मारा. पेन्सिल चकाकते आणि कागदावर किंचित खाच पडते. छापलेली सही मख्ख असते. एचिंग (धातूच्या प्लेटवर आम्लाने रेषा कोरून छापलेलं चित्र) हाती आलं तर प्लेटच्या कडेचा दाब कागदात चौकटीसारखा दिसला पाहिजे आणि रेषेवरची शाई किंचित उंच. चित्रकार एडवर्ड हॉपरचं 'नाइट शॅडोज' (१९२१) त्याच्या इतर एचिंगपेक्षा जास्त वेळा बाजारात दिसतं, कारण १९२४ मध्ये 'द न्यू रिपब्लिक' साप्ताहिकाने ते सहा एचिंगच्या संचात मोठ्या संख्येने काढलं. म्हणजे 'सारखं दिसतं, मग खोटं असेल' हा तर्कही चालत नाही.

समासात 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट' किंवा 'डब्ल्यूपीए' असा शिक्का आहे का ते जरूर बघा. १९३५ ते १९४३ मधल्या या सरकारी योजनेतली कामं आजही सरकारी मालमत्ता आहेत अशी अमेरिकेच्या जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याची भूमिका आहे. शिक्का निघाला तर विकण्याचा विचार करण्याआधी त्यांच्या ललितकला विभागाला विचारा.

आता दुसरं. मला यात सर्वांत रस आहे तो त्या उठावाच्या शिक्क्यात, कारण तो बहुधा छपाईच्या कार्यशाळेचा असणार, आणि अमेरिकेत अशा नामांकित कार्यशाळा मोजक्या. तात्याना ग्रोसमनने १९५७ मध्ये लाँग आयलंडवर युनिव्हर्सल लिमिटेड आर्ट एडिशन्स काढली. कॅथन ब्राउनने १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात क्राउन पॉइंट प्रेस, एचिंगसाठी. लॉस एंजेलिसमध्ये जून वेनची टॅमरिंड (१९६०, पुढे १९७० मध्ये न्यू मेक्सिको विद्यापीठात) आणि १९६६ मध्ये जेमिनाय. टॅमरिंडने मुद्रकच घडवले, आणि जेमिनायचा केन टायलर तिथलाच. या मंडळींनी प्रत्येक आवृत्तीची नोंद ठेवायची सवय लावली: कागद कोणता, किती रंग, किती प्रती, पुन्हा छापता येऊ नये म्हणून प्लेट कधी रद्द केली. म्हणून शिक्क्याचा जवळून फोटो काढा, मोजपट्टी शेजारी ठेवून. कार्यशाळा कळली की त्या चित्रकाराच्या प्रिंट्सच्या समग्र सूचीत आवृत्ती, माप, कागद जुळवता येतं. माप मिलिमीटरमध्ये घ्या, चित्राचं वेगळं आणि पूर्ण कागदाचं वेगळं. समास कापलेला असेल तर किंमत तिथेच उतरते. तुम्ही न्यू जर्सीतच आहात, तर रटगर्सच्या झिमरली संग्रहालयात मुद्रण-कार्यशाळांचा संग्रह आहे. आधी वेळ ठरवून विचारा.

२७/७५ म्हणजे सत्ताविसावी छापलेली प्रत नव्हे. नंबर बहुधा छपाई संपल्यावर, चळत लागेल तसे घालतात. १/७५ ला जास्त पैसे मागणाऱ्याला हसून नमस्कार करा. 'ए.पी.' ही चित्रकाराची प्रत, 'पी.पी.' मुद्रकाची, आणि 'बी.ए.टी.' ही चित्रकाराने पसंत केलेली नमुनाप्रत, एकच.

इथे मात्र ठिपक्यांचा नियम गंडवतो. राउशेनबर्ग, वॉरहॉल या चित्रकारांनी वर्तमानपत्री छायाचित्रं स्क्रीनवर किंवा दगडावर चढवली, म्हणून अस्सल प्रिंटमध्येही ठिपक्यांची जाळी असते. फरक असा: अस्सल कामात एका रंगाची एकच जाळी, शाई जाड आणि कागदावर बसलेली; पुनर्मुद्रणात निळा, गुलाबी, पिवळा, काळा असे चार रंगांचे ठिपके फुलांसारखे एकमेकांत गुंफलेले, आणि सपाट रंगाच्या जागीही तेच. चित्रकार लिक्टेनस्टाइनचं 'क्राइंग गर्ल' (१९६३) तर मुळातच ऑफसेट, म्हणजे छापखान्याच्या यंत्रावर छापलेलं आहे, कॅस्टेली गॅलरीच्या प्रदर्शनाचं निमंत्रण.

वॉरहॉल असेल तर कागद उलटा करा. १९६७ च्या 'मॅरिलिन' संचात दहा प्रिंट्स, प्रत्येकी ३६ बाय ३६ इंच, आवृत्ती २५०, सही आणि रबरी शिक्क्याने मारलेला नंबर मागच्या बाजूला. १९७० पासूनच्या 'संडे बी. मॉर्निंग' या नावाने दुसऱ्यांनी छापलेल्या प्रतीही त्याच मापाच्या, पण मागे शिक्का 'तुमची स्वतःची सही भरा' अशा अर्थाचा. काही जणांनी खरंच भरली आहे. वॉरहॉलची कामं तपासणारं मंडळ २०१२ मध्ये बंद झालं, त्यामुळे मालकीची साखळी, पावत्या, लेबलं यांनाच आता वजन.

तिसऱ्याबद्दल. कोळशाचा कण कागदाच्या उंचवट्यांवर बसतो आणि खळगे कोरे राहतात. तिरप्या प्रकाशात भुकटी दिसते. छापील नक्कल खळग्यातही काळी असते. पुसलेल्या, बदललेल्या रेषांच्या खुणा शोधा, कडेला बोटांचे ठसे शोधा. चित्रकार जॉर्जिया ओ'कीफने १९१५ मध्ये केलेल्या आणि पुढच्या वर्षी छायाचित्रकार स्टिग्लिट्झने न्यूयॉर्कच्या आपल्या '२९१' गॅलरीत लावलेल्या कोळशाच्या चित्रांमुळे त्या काळच्या कुठल्याही वळणदार रेखाटनावर तिचं नाव चिकटवायचा मोह होतो. पुसट सही खोडरबराने 'उजळायला' जाऊ नका. फिक्सेटिव्हही (कोळसा पक्का करणारा फवारा) मारू नका, ते काळेपणाची छटा बदलतं.

न्यायचं कसं? काच काढून, न गुंडाळता, दोन ताठ आम्लरहित बोर्डांमध्ये, कोपऱ्यांना कागदी खिसे करून. जाड शाईचं स्क्रीनप्रिंट नळीत घातलं की तडकतं. कोळशाच्या चित्रावर काहीच टेकता कामा नये: चारी बाजूंनी बोर्डाच्या पट्ट्या लावून खोलगट पेटीसारखं करा. पुढे फ्रेम करताना त्याला साधं ॲक्रिलिक शीट कधीच नको, स्थिर विजेने कण ओढले जातात. अतिनील-रोधक काच घ्या.

पुण्यात फ्रेमवाला 'पूर्ण चिकटवून देतो, लाटा येणार नाहीत' म्हणेल. तिथेच नाही म्हणा. फेव्हिकॉल नाही, सेलोटेप नाही, लाकडाच्या लगद्याचा माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) नाही, त्याने काही वर्षांत माउंटच्या कापलेल्या खिडकीच्या कडेला तपकिरी पट्टा उठतो. सुती माउंट, आणि फक्त वरच्या कडेला मागून जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या. त्यासाठी खळ मैद्याची नव्हे, गव्हाच्या स्टार्चची: एक भाग स्टार्च, चार-पाच भाग पाणी, मंद आचेवर अर्धा तास ढवळत शिजवा आणि गाळा. बाइंडर मंडळी कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात, ते इथे विष आहे. तांबं कागद कुजवतं. काच आणि कागदात किमान तीन मिलिमीटर अंतर ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा ८० टक्क्यांच्या आसपास दमट असते आणि ६५ च्या वर बुरशीला वाट मोकळी होते. पावसाचा मारा झेलणारी बाहेरची भिंत टाळा, फ्रेमच्या मागच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा म्हणजे हवा खेळेल. प्रकाश ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत, म्हणजे मंद, आणि वर्षातले काही महिने चित्र कपाटात आडवं. बुरशी दिसली तर ब्रश न लावता चित्र वेगळं काढा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्राशी बोला.

तूर्त शिक्क्याचा आणि लिथोग्राफच्या दाण्याचा भिंगातून काढलेला फोटो इथे टाका, मोजपट्टीसकट. कार्यशाळा कोणती ते त्यावरून शोधायला घेऊ.