नाल काढल्यावर घोड्याला डोंगरवाटेवर कधी नेता येईल?

घाई नको. खूर महिन्याला जेमतेम 6 ते 10 मिलिमीटर वाढतो; पुढचा भाग वरून खालपर्यंत नवा यायला वर्षभर लागतं. दर 4-5 आठवड्यांनी कानस फिरवा, थोडीच. कड गोल केली की दगडावर तिचे टवके उडत नाहीत. तळवा मात्र खरवडू नका. नाल ठोकायची सवय असलेला हात तो गुळगुळीत करतो आणि घोडा खडीवर लंगडतो!

सुरुवातीला रोज 15-20 मिनिटं डांबरी रस्त्यावर चालवा, मग मुरूम, शेवटी खडी. पाऊल आखडून तो कडेची माती शोधू लागला की खाली उतरा. पावसाळ्यात खूर भिजून मऊ पडतात. तेल चोपडण्यापेक्षा उभं राहायला कोरडी जागा द्या.