रस्त्यावर चिरडलेल्या कोंबड्या: भरपाई कोणी कोणाला द्यायची?

प्रश्न: आमचं घर जिल्हा मार्गाला लागून आहे. गावठी कोंबड्या सकाळी सोडतो, संध्याकाळी त्या आपणच खुराड्यात येतात. मागच्या महिन्यात भरधाव मालवाहू टेम्पोने एका फटक्यात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा चिरडला. त्यातली एक खुडूक होती, अकरा अंडी उबवायला बसवलेली. दाणा खाण्यापुरती उठली होती. चालक थांबला, पण "कोंबड्या रस्त्यावर सोडता कशाला?" म्हणत निघून गेला. गाडीचा नंबर मिळाला आहे. त्यानंतर दहा दिवसांनी एक मोटरसायकलवाला आमची कोंबडी आडवी आल्याने पडला आणि आता १८,००० रुपये मागतो आहे. सहा महिन्यांपूर्वी मी ग्रामपंचायतीला लिहून दिलं होतं, की इथे गाड्या जोरात येतात, आमच्या चार कोंबड्या मेल्या, गतिरोधक घाला. टेम्पोवाल्याकडून १२,००० रुपये मिळतील का? आणि मोटरसायकलवाल्याला पैसे द्यावे लागतील का?
— एक वाचक भगिनी, जि. रत्नागिरी

उत्तर: ताई, टेम्पोवाल्याकडून काही रक्कम मिळू शकते, पण बारा हजार नाही. मोटरसायकलवाल्याने मागितले म्हणून लगेच पैसे देऊ नका. मात्र त्याची मागणी हसण्यावारीही नेऊ नका. या दोन प्रकरणांत तुम्हाला जास्त जोखीम दुसऱ्यातच आहे.

तुमच्या कोंबड्या नेमक्या कुठे मेल्या, यावर बरंच काही ठरेल. डांबरावर मेल्या, साइडपट्टीवर, की तुमच्या खळ्यात (अंगणात)? टेम्पो डांबर सोडून साइडपट्टीवर किंवा खळ्यात शिरला असेल, तर जवळजवळ सगळी जबाबदारी त्याची. डांबराच्या मधोमध मेल्या असतील, तर जबाबदारी वाटली जाते. जनावर रस्त्यावर जाऊ नये याची काळजी मालकाने घ्यायची असते, ही तुमची जबाबदारी. आणि दिसणाऱ्या अडथळ्यापुढे वेग कमी करणं हे चालकाचं कर्तव्य, ही त्याची जबाबदारी. आणखी एक गोष्ट तपासा. रस्त्याकडेच्या घरांचं खळं बऱ्याचदा थोडं सरकारी हद्दीत असतं. भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा जवळ नसेल, तर "माझ्या जागेत घुसून मारल्या" असं अर्जात ठामपणे लिहू नका. समोरचा वकील पहिला बोट तिथेच ठेवतो.

एकटी कोंबडी अचानक फडफडत चाकाखाली आली, तर कोणतंही न्यायालय चालकाला सहसा दोषी धरणार नाही. तिला वाचवायला त्याने गाडी समोरच्या माणसावर घालावी, अशी अपेक्षा कायदा ठेवत नाही. पण सात पक्षी एका वेळी मरतात, तेव्हा चित्र वेगळं असतं. दाणे टिपणारा थवा लांबून दिसतो. ब्रेकच्या खुणा नसतील आणि पिसं दहा-पंधरा पावलं पसरली असतील, तर चालकाने वेग कमीच केला नाही असं म्हणायला आधार मिळतो. त्या जागेचे फोटो काढले असतील, तर ते आज तुमच्याकडचे सर्वांत मोलाचे कागद आहेत. काढलेच नसतील, तर ज्यांनी पाहिलं त्या दोन शेजाऱ्यांचे जबाब आताच तारीख घालून लिहून घ्या. फोटो मोबाईलमधलेच असतील तर ते पुसू नका, मूळ फोन जपा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे त्यांच्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं.

त्या वेळी रस्त्यावर भात वाळत घातलेलं होतं का, हे स्वतःशी प्रामाणिकपणे आठवा. कापणीच्या दिवसांत कोकणात हे सर्रास होतं. पण सार्वजनिक रस्ता हे खळं नाही, आणि दाण्यामुळेच कोंबड्या डांबरावर आल्या असं सिद्ध झालं तर तुमचा दावा फार कमजोर होतो.

आता कायद्याची कलमं. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १३२ मध्ये अपघातानंतर थांबण्याबाबत तरतूद आहे. त्यात 'प्राणी' म्हणजे घोडा, गुरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी आणि शेळी. कोंबडी त्या यादीत नाही. म्हणून "प्राणी मारला" असं लिहिलेला अर्ज पहिल्याच पायरीवर अडखळतो. कोंबडी ही तुमची मालमत्ता आहे, आणि मालमत्तेचं नुकसान त्याच कलमात येतं. नुकसानीची झळ बसलेल्या माणसाने स्वतःचं नाव-पत्ता देऊन मागणी केली, तर चालकाने आपलं आणि गाडीच्या मालकाचं नाव-पत्ता द्यायलाच हवं. कलम १३४ खाली त्रयस्थाच्या मालमत्तेचं नुकसान झाल्यास, तिथे पोलीस नसले तर, चालकाने २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात कळवायचं असतं. कुत्र्याच्या एका प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे कलम लावायला नकार दिला होता, तो निकाल तुमच्याविरुद्ध पुढे केला जाऊ शकतो. म्हणून तुमच्या प्रत्येक कागदावर 'मालमत्तेचं नुकसान' हेच शब्द असू द्या.

फौजदारी गुन्ह्याची फार आशा धरू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये प्राणी मारून आगळीक करण्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. पण आगळीक म्हणजे नुकसान करण्याचा हेतू हवा, किंवा नुकसान होणार हे ठाऊक असायला हवं. निष्काळजीपणा त्यात बसत नाही. बेदरकार वाहन चालवण्याचं कलम २८१ माणसाच्या जिवाला किंवा माणसाला इजा होण्याच्या धोक्याशी बांधलेलं आहे. मुंबईत दुचाकीखाली कुत्रा मेल्याबद्दल जुन्या दंड संहितेच्या २७९, ३३७ आणि ४२९ या कलमांखाली नोंदवलेला गुन्हा मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये रद्द केला, तो याच तर्काने. त्या वेळी रस्त्यावर मुलं किंवा पादचारी असतील आणि टेम्पोचा वेग त्यांनाही धोक्याचा होता असं साक्षीदार सांगत असतील, तरच २८१ चा आग्रह धरा. एरवी ठाण्यात अदखलपात्र नोंद करून तिची प्रत घ्या. दिवाणी भरपाईसाठी ती पुरते. उशीर झाला असला तरी नोंद करा, आणि उशिराचं कारण एका ओळीत लिहा.

टेम्पोचा नंबर आहे, तेव्हा गाडीचा विमा चालू आहे की नाही हे परिवहन विभागाच्या ॲपवर दिसेल. मालकाचं पूर्ण नाव तिथे झाकलेलं असतं. ते आणि विमा कंपनीचं नाव मिळवायला आरटीओकडे मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १६० खाली, भरपाईचा दावा करायचा आहे असं लिहून, शुल्क भरून अर्ज करा. माहिती देणं हे त्यांचं कायदेशीर कर्तव्य आहे. सक्तीच्या त्रयस्थ (थर्ड पार्टी) विम्यात मालमत्तेचं नुकसानही येतं. मालकाने प्रीमियम वाचवण्यासाठी ते संरक्षण फक्त ६,००० रुपयांपुरतं घेतलं असलं, तरी तुमची रक्कम त्यात बसते. 'हिट अँड रन'ची सरकारी भरपाई मात्र फक्त माणसाच्या मृत्यूला आणि गंभीर दुखापतीला आहे. तिच्यासाठी खेटे घालू नका.

आता रकमेचा हिशोब. तुमच्या बाजारात गावठी कोंबडी ५०० आणि कोंबडा ७०० ला जातो असं धरू. सहा कोंबड्यांचे ३,०००, कोंबड्याचे ७००. खुडूक मेल्यामुळे अंडी थंड पडून वाया गेली असतील, तर पंधराने अकरा अंड्यांचे १६५. एकूण ३,८६५. त्या दिवशीचा भाव दाखवायला बाजारातल्या दोन विक्रेत्यांकडून सहीची चिठ्ठी घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्ष्यांचं वय आणि प्रकार यांचा दाखला मिळाला तर बरं. त्या अंड्यांतून किती पिल्लं निघाली असती, त्यांच्या तलंगा (तरुण कोंबड्या) होऊन वर्षभर किती अंडी दिली असती, हा हिशोब मनाला पटतो. पण न्यायालय तो दूरचा आणि अनिश्चित म्हणून बाजूला ठेवतं. बारा हजारांचा आकडा तिथूनच आला असावा. मेलेल्या कोंबड्या घरी शिजवल्या किंवा विकल्या असतील, तर मांसाची किंमत वजा होईल. उरलेल्या रकमेतून तुमच्या निष्काळजीपणाचा वाटा कापला जातो. याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतात. निम्मा वाटा तुमचा ठरला, तर हातात साधारण १,९३० रुपये येतील.

एवढ्यासाठी वर्षानुवर्षं तारखा घेणं परवडणार नाही. मागणी कितीही लहान असली तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडेच जावं लागतं. जिथे न्यायाधिकरण आहे, तिथे दिवाणी न्यायालयाला असा दावा चालवता येत नाही. न्यायाधिकरणाची मुदत अपघातापासून सहा महिने आहे. माझा सल्ला असा: आधी टेम्पोच्या मालकाला आणि विमा कंपनीला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. तारीख, वेळ, जागा, पक्ष्यांची संख्या, रक्कम आणि पंधरा दिवसांची मुदत लिहा. उत्तर आलं नाही तर तालुका विधी सेवा समितीत दाखलपूर्व (दावा दाखल करण्याआधीचं) प्रकरण म्हणून लोकअदालतीसाठी अर्ज द्या. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० या हेल्पलाइनवर समितीचा पत्ता विचारता येईल. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी आकडा नीट वाचा.

पुढच्या वेळी कोणी गाडी थांबवून चालकाची चावी काढून घेतली, दहा माणसं जमवून जागेवर पैसे वसूल केले, तर ते करू देऊ नका. वाट अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली आणि धमकावून पैसे घेणं हा कलम ३०८ खाली गुन्हा आहे. कोंबडी तुमची मेलेली असते आणि आरोपी तुमच्या घरचा होतो. चालकाने आपण होऊन पैसे दिले, तर कागदावर दोघांच्या सह्या घ्या आणि मेलेला पक्षी कोण नेणार तेही लिहा.

आता मोटरसायकलवाला. तुम्ही टेम्पोच्या विमा कंपनीकडे मागू शकता, तशी त्याला मागायला जागा नाही, कारण तुमच्या कोंबडीला गाडीचा विमा नसतो. त्याचा दावा तुमच्यावर, साध्या दिवाणी न्यायालयात. गुरांच्या अतिक्रमणाचा १८७१ चा कायदा कोंबड्यांना लागू नाही, म्हणून कोंडवाड्याची भीती कोणी घालत असेल तर ती खोटी आहे. पण सार्वजनिक रस्त्यावर जनावराच्या देखभालीत हलगर्जीपणा करण्याबद्दल पोलीस कायद्यात तरतुदी आहेत, त्यांचा आधार तो घेऊ शकतो. ती कोंबडी तुमचीच होती, तुम्ही काळजी घेतली नाही, आणि त्याचा वेग योग्य होता, हे तिन्ही त्याला सिद्ध करावं लागेल. त्याच्याकडून लायसन्स, विमा, दुरुस्तीचं बिल आणि दवाखान्याचे कागद लेखी मागा. गाडीला स्वतःच्या नुकसानीचा विमा असेल आणि त्याने तिकडून पैसे घेतले असतील, तर तेच नुकसान तो तुमच्याकडून दुसऱ्यांदा घेऊ शकत नाही. "चुकलं, देतो हळूहळू" असा व्हॉट्सॲप निरोप पाठवू नका, तो कबुली म्हणून वाचला जाईल. माणूस जखमी असेल तर विचारपूस जरूर करा. माणुसकी म्हणून दवाखान्याचा थोडा खर्च दिलात, तर 'जबाबदारी मान्य न करता' हे शब्द कागदावर हवेत.

तुमचं ग्रामपंचायतीला दिलेलं पत्र मात्र दुधारी आहे. टेम्पोविरुद्ध ते उपयोगी पडतं: इथे गाड्या जोरात येतात, हे आधीच लेखी होतं. पण मोटरसायकलवाल्याच्या हातात पडलं, तर तुमच्या कोंबड्या नेहमी रस्त्यावर जातात हे तुम्हाला सहा महिने माहीत होतं, असं तो म्हणेल. त्या पत्रानंतर तुम्ही काय केलंत, या प्रश्नाचं उत्तर आज तुमच्याकडे नाही. म्हणून ते या आठवड्यातच तयार करा.

रस्त्याच्या बाजूने गडगा (दगडी कुंपण) असेल तर त्यावर आणि बेड्यावर (फाटकावर) जाळी लावा, जमिनीपासून निदान पाच फूट. तळाशी फट ठेवू नका, कोंबड्या खालून निघतात. तलंगा उडतात, त्यांच्या एकाच पंखाची उडायची लांब पिसं कापा. दोन्ही बाजूंची कापली तर तोल राहतो आणि त्या तरीही थोड्या उडतात. दाणा, पाणी, सावली आणि धुळीत लोळायची जागा घराच्या मागच्या अंगाला हलवा. कोंबड्या रस्त्याकडेला जातात त्या बऱ्याचदा पोटात दाणा दळायला लागणाऱ्या बारीक खड्यांसाठी. तेव्हा खडे आणि शिंपल्याचा चुरा आतच ठेवा. निम्मा थवा पलीकडच्या बाजूला चरत असेल, तर गाडी येताच तो घराकडे म्हणजे नेमका चाकांपुढे धावतो. म्हणून पलीकडे एकही पक्षी जाऊ देऊ नका. जाळीचं बिल आणि लावतानाचा तारखेचा फोटो फाइलला लावा.

गतिरोधकासाठी पुन्हा अर्ज करा, पण रस्ता कोणाचा हे आधी विचारून: सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर त्यांच्या उपअभियंत्याला, जिल्हा परिषदेचा असेल तर तिच्या बांधकाम विभागाला. अर्जात कोंबड्यांपेक्षा शाळेत जाणाऱ्या मुलांचा आणि पादचाऱ्यांचा उल्लेख करा आणि पोच घ्या. स्वतः माती किंवा दगड टाकून उंचवटा करू नका. रात्री त्यावर कोणी पडला, तर तो दावा अठरा हजारांवर थांबणार नाही.