फांदी बांधू नका

प्रश्न: प्रतापनगरला आमच्या पोर्चमध्ये मधुमालतीच्या वेलावर शिंजीरचं घरटं लोंबतंय, जेमतेम छातीच्या उंचीवर. पिलं आहेत, मादी दिवसभर चारा आणते. माझ्याकडे 55-250 मिमीची झूम लेन्स आहे. पण फोटो काळपट येतात आणि घरट्याच्या तोंडापुढे दोन पानं आडवी येतात. ती कापली तर चालेल का? सासूबाई म्हणतात, माणसाचा हात लागला की पाखरू घरटं सोडतं.
— एक वाचक, नागपूर

उत्तर: ताई, पानं राहू द्या. हे मी शहाणपणाने नाही, पस्तावून सांगतोय.

आमच्या अंगणातल्या लिंबावर एकदा बुलबुलाने घरटं केलं होतं. एक डहाळी मध्ये येत होती. मी ती कापली नाही, सुतळीने बाजूला बांधली. फोटो झाले की सोडून देऊ म्हटलं. तेवढ्यात पाहुणे आले, मी पन्ह्याच्या तयारीला लागलो आणि विसरलो. मे महिना, नागपूरचं ऊन. दुपारी दोनला आठवण झाली तेव्हा मादी घरट्याच्या वाटीवर पंख पसरून उभी होती, चोच उघडी, नुसती धापा टाकत. तीनपैकी दोन पिलं संध्याकाळपर्यंत गेली. त्या फोटोंत पिलांच्या चोचींच्या पिवळ्या कडा फार सुरेख आल्या आहेत.

तुमची ती दोन पानं म्हणजे त्या घराची ताडपत्री आहे. शिवाय टकाचोर, कावळा आणि भारद्वाज यांना आतलं दिसू नये म्हणून पडदाही.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं. वासाने पाखरू घरटं सोडत नाही. सोडतं ते माणूस पुन्हा पुन्हा जवळ आल्याने, आणि त्यातही घरटं बांधताना किंवा अंडी घालताना जास्त. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तर शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या घरट्याला, अंड्यांना त्रास देणं धरलंय. कॅमेरावाल्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असतं, देव जाणे.

आता फोटोचं. पोर्चकडे उघडणारी खिडकी असेलच. खोलीतला दिवा बंद, पडदा ओढलेला, फटीतून फक्त लेन्स बाहेर. जाळी मध्ये घेऊ नका, फोटो धूसर येतो. शेजारी कूलर घरघरत असेल तर उत्तमच. त्या आवाजाला पाखरं सरावलेली असतात, शटरची टकटक त्यात बुडते. फक्त ट्रायपॉड कूलरला टेकवू नका. दहा फुटांवरून झूम 250 वर ठेवला की चौकटीत वीतभराहून थोडी जास्त जागा मावते. शिंजीर जेमतेम दहा सेंटिमीटरचा, म्हणजे आणखी जवळ जायची गरजच नाही.

काळपटपणाचं कारण पोर्चबाहेरचा झगझगीत उजेड. कॅमेरा त्यालाच धरून मोजमाप करतो आणि सावलीतली मादी काळी पडते. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे फोटो उजळ-गडद करायची सोय, अधिक एकवर ठेवा. सकाळी सात ते नऊ, शटर सेकंदाचा एक हजारांश, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) वाढला आणि फोटोत दाणे आले तर येऊ द्या. फ्लॅश नाहीच. फोकसला मदत करणारा तो लाल दिवाही मेनूत जाऊन बंद करा.

आणि घरट्याच्या तोंडावर नेम धरून बसू नका. आत शिरण्याआधी मादी बहुतेक वेळा ठरलेल्या काडीवर क्षणभर थांबते, चोचीत कोळी किंवा अळी, मान तिरपी. कॅमेरा त्या काडीवर लावून ठेवा. चारा भरवून निघताना कधी चोचीत पांढरी पुडी दिसेल, ती पिलांची शी. घर स्वच्छ ठेवण्याची ती रीत, आणि फोटोही झकास. अधूनमधून निळाजांभळा नर भरवायला येतो. घरटं विणणं, अंडी उबवणं मात्र तिचंच. (आमच्याकडेही साधारण असंच होतं, असं सौ. म्हणतात.)

पिलं साधारण दोन आठवड्यांत उडतात. शेवटचे तीन-चार दिवस पोर्चमध्ये जाणंही कमी करा. दचकली तर वेळेआधीच उडी टाकतात आणि खाली मांजर बसलेलीच असते.

घरटं रिकामं झाल्यावर हवं तेवढं जवळ जा. कोळिष्टकांनी चिकटवलेली साल, त्यात अळ्यांच्या लेंड्या, दारावर छोटंसं छज्जं. आणि तोवर सासूबाईंना त्याच खिडकीशी खुर्ची द्या. मादी किती मिनिटांनी येते हे त्या तुमच्यापेक्षा अचूक सांगतील.