बारावीला जीवशास्त्र नव्हतं, तरी प्रथिनांच्या संशोधनात जाता येईल?

सांगलीहून एका वडिलांनी विचारलं आहे: मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय संख्याशास्त्र. प्रथिनांच्या रचनेचं विश्लेषण करणारी सॉफ्टवेअर शिकायचं म्हणते. बारावीला जीवशास्त्र नव्हतं. झेपेल का? महागडा ऑनलाइन कोर्स लावू का?

नमस्कार. जीवशास्त्राची चिंता सोडा, लागेल तेवढं ती वाचून शिकेल. तिचं खरं भांडवल संख्याशास्त्र आहे.

1963 साली मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी दाखवलं, की प्रथिनाच्या साखळीतले फाय आणि साय हे कोन वाटेल तसे असू शकत नाहीत. काही कोनांत अणू एकमेकांवर आदळतात. नवी रचना बरोबर आहे का, हे तपासताना प्रोचेक, मोलप्रोबिटी ही सॉफ्टवेअर आजही याच दोन कोनांचा आलेख, म्हणजे रामचंद्रन आलेख, काढतात.

याच साखळीत ओमेगा नावाचा तिसरा कोन असतो, बहुतेक वेळा 180 अंशांच्या आसपास. समजा एका ठिकाणी तो 179 भरला, दुसऱ्या ठिकाणी उणे 179. वर्तुळावर 180 आणि उणे 180 एकच, म्हणून दोन्हींत फरक दोनच अंशांचा, पण नेहमीची सरासरी काढली तर उत्तर शून्य! शून्य अंश म्हणजे सिस बंध, ज्यात साखळीचे लगतचे भाग बंधाच्या एकाच बाजूला येतात आणि जो प्रथिनांत क्वचितच आढळतो. सॉफ्टवेअरने दिलेला आकडा तसाच उतरवून घेणारे पुष्कळ असतात. इथे वर्तुळावरचं संख्याशास्त्र हवं, हे ओळखणारी व्यक्ती प्रयोगशाळेला हवी असते.

म्हणून कोर्सचे पैसे आत्ता भरू नका. प्रोटीन डेटा बँकेतल्या दोन लाखांहून अधिक रचना फुकट उतरवता येतात. ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा आणि त्यातलं ‘बायो-थ्री-डी’ पॅकेजही मोफत आहे. सुट्टीत तिला शंभरेक रचनांचे कोन काढू द्या, ग्लायसिन या सर्वांत लहान अमिनो आम्लाचा आलेख इतरांपेक्षा वेगळा का दिसतो ते शोधू द्या. त्यात तहानभूक विसरली तर पुढचं बोलू.

नोकरीचं स्पष्टच सांगतो. निव्वळ या विषयातल्या जागा थोड्या, आणि बहुतेक ठिकाणी पीएच.डी. लागते. म्हणून एम.एस्सी. तिने संख्याशास्त्रातच करावं आणि प्रकल्प प्रथिनांवर घ्यावा, असं माझं मत. मन बदललं तरी औषधचाचण्या, विमा, बँका ही दारं उघडी राहतात. प्रकल्पासाठी पुणे विद्यापीठातल्या किंवा आयसर पुण्यातल्या प्राध्यापकांना तिने स्वतः ईमेल करावा, सोबत सुट्टीत काढलेले आलेख जोडून.