लेकीचा खरा आकडा

प्रश्न: मुलगी टी.वाय. बी.एस्सी. बायोकेमिस्ट्रीला आहे. शुगर फॉस्फेट (फॉस्फेट जोडलेली साखर) ओळखायच्या प्रॅक्टिकलमध्ये तिचं रीडिंग अपेक्षेच्या निम्मंच आलं. मी तिला ते खोडून मैत्रिणीचं रीडिंग जर्नलमध्ये लिहायला लावलं. तोंडी परीक्षेत ती अडखळली, मार्क गेले. मशीनच्या जमान्यात या टेस्ट-ट्यूब कशाला? एमबीएला घालू का? (एक वडील, कोपरी, ठाणे)

उत्तर: दुसरीचं रीडिंग स्वतःचं म्हणून सांगायचं, तर पोर अडखळणारच. मार्क तिच्या अभ्यासामुळे नाही, तुमच्या सांगण्यामुळे गेले. हे तुम्हाला लागेल, पण आज बोललंच पाहिजे.

तिचं निम्मं रीडिंग फेकण्यासारखं नव्हतं. ग्लुकोज-१-फॉस्फेट (फॉस्फेट पहिल्या कार्बनवर) १ नॉर्मल आम्लात, उकळत्या पाण्यात ७ मिनिटं ठेवलं की जवळजवळ सगळं फॉस्फेट सुटतं आणि सुटं फॉस्फेट दाखवणाऱ्या मॉलिब्डेटच्या टेस्टमध्ये गडद निळा रंग येतो. ग्लुकोज-६-फॉस्फेट (फॉस्फेट सहाव्या कार्बनवर) तेवढ्या वेळात जेमतेम हलतं. मग निम्मं का आलं? बहुतेक वेळा वॉटर बाथ नुसता गरम असतो, उकळत नसतो. ८० अंशांवर ७ मिनिटं पुरत नाहीत. किंवा नमुना ६-फॉस्फेटचा असतो, पण त्यात आधीच सुटं फॉस्फेट असतं. म्हणून न उकळलेली, शून्य मिनिटांची ट्यूब सोबत लावायची. नुसत्या रिएजंटची ट्यूबही निळी झाली, तर काचसामान फॉस्फेटवाल्या साबणानं धुतलंय असं समजा. शंका उरली तर बेनेडिक्ट, म्हणजे क्षपणक (रिड्यूसिंग) साखरेची टेस्ट: १-फॉस्फेट आम्लात उकळण्याआधी ही टेस्ट देत नाही, ६-फॉस्फेट देतं.

आता मशीनचं. मास स्पेक्ट्रोमीटरला, म्हणजे रेणूचं वजन मोजणाऱ्या मशीनला, ग्लुकोज-१-फॉस्फेट, ग्लुकोज-६-फॉस्फेट आणि फ्रुक्टोज-६-फॉस्फेट, तिघांचंही वजन २६०च दिसतं. नुसत्या वजनावरून ती ओळखता येत नाहीत. आधी कॉलमवर (रेणू वेगळे करणाऱ्या नळीत) वेगळी करावी लागतात, आणि आलेखातला कुठला उंचवटा (पीक) कुणाचा हे ठरवायला रसायनशास्त्र कळणारं माणूस लागतंच. फॉस्फेट कुठल्या कार्बनवर बसलंय याचा विचार तुमची मुलगी त्या टेस्ट-ट्यूबमधूनच शिकतेय.

एम.एस्सी.साठी जॅम आणि सीयूईटी पीजी या प्रवेश परीक्षा आहेत; अभ्यासक्रम वेबसाइटवर मिळेल. एमबीए तिनं स्वतः मागितलं तर बोलू. रबाळे-महापे पट्ट्यातल्या औषध कंपन्यांत क्यूसीची (क्वालिटी कंट्रोल, औषधांची गुणवत्ता तपासणी) नोकरी हवी असेल, तर तिथे रीडिंग बदलणं म्हणजे नोकरीवर पाणी. चुकलेला आकडा एका रेघेनं, खालचा वाचता येईल असा खोडतात, कारण लिहितात आणि सही-तारीख घालतात.

आज तिला जर्नल उघडायला सांगा. मैत्रिणीच्या आकड्यावर तशीच एक रेघ मारून स्वतःचं निम्मं रीडिंग शेजारी लिहू दे, आणि तिच्या सरांना दाखवायला तुम्ही सोबत जा.