पीस मेडल : शांतिपदक की आणखी काही?

एका लेखकाने विचारलंय : उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी प्रमुखांना गोऱ्या सरकारांनी दिलेली जुनी मेडलं जमवणाऱ्यांवर लेख लिहितोय. ‘पीस मेडल’ला ‘शांतिपदक’ म्हणू का? की ‘बिल्ला’? आणि ‘चीफ’ला ‘टोळीप्रमुख’ चालेल?

शांतिपदक नको. वाचणाऱ्याला नोबेलचा समारंभ आठवेल. ही पदकं शांतिकार्याबद्दल नव्हती. बोलणी झाली, दोस्ती ठरली की ती द्यायची. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जेफरसन याच्या १८०१च्या पदकावर एका बाजूला त्याचा चेहरा, दुसऱ्या बाजूला हातात हात आणि ‘शांती व मैत्री’ अशी अक्षरं. त्याला ‘सलोख्याचं पदक’ म्हणा. कॅनडातल्या १८७०नंतरच्यांना सरळ ‘तहाचं पदक’. ‘करार’ म्हटलं की घरभाडं डोळ्यांपुढे येतं. वसईचा तह शाळेत शिकलेल्याला ‘तह’ या एका शब्दात बरंच काही कळतं.

‘पदक’ मात्र चपखल. हाराच्या मधोमध लोंबतं त्याला सराफ आजही पदकच म्हणतात, आणि ही मेडलंही गळ्यातच घालत. बिल्ला हमालाचा, शिपायाचा. तो शब्द ऑस्ट्रेलियासाठी राखून ठेवा. तिथे गव्हर्नर मॅक्वारीने १८१५ साली बंगरी नावाच्या आदिवासी माणसाच्या गळ्यात चंद्रकोरीच्या आकाराची धातूची पाटी अडकवली, तीवर ‘ब्रोकन बे जमातीचा प्रमुख’ असं कोरून. प्रमुख कोण, हे गव्हर्नरने ठरवायचं! तो बिल्लाच.

टोळी दरोडेखोरांची असते. ‘जमातप्रमुख’ लिहा. ‘सरदार’ही नको, सरदार कुणाच्या तरी पदरी असतो.

क्रियापदाकडेही लक्ष द्या. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनच्या काळातली लंबगोल पदकं चांदीच्या पत्र्यावर हाताने ‘कोरलेली’. सेनेका जमातीचा प्रमुख रेड जॅकेट याचं १७९२चं पदक त्यातलंच. जेफरसनची ठशाने ‘पाडलेली’ : दोन पातळ पत्रे, भोवती कडं, आत पोकळ. पुढे टाकसाळीने अशाच पदकांच्या काशाच्या प्रती काढल्या. त्यांना ‘पुनर्मुद्रित’ म्हणू नका, ती काय पुस्तकं आहेत? ‘मागाहून पाडलेली’ म्हणा. संग्राहकाच्या लेखी किमतीचा मोठा फरक तिथेच पडतो.

तुमच्या मसुद्यात कॅनडातल्या १८७३च्या ‘तिसऱ्या तहा’चा प्रसंग आहे, तो छानच. ओजिब्वे जमातीचा प्रमुख मावेडोपेनेस याने आधीच्या रेड रिव्हर तहातलं पदक सगळ्यांसमोर धरलं आणि चाकूच्या पाठीने त्यावर ठोकलं. हे चांदीचं म्हणून दिलं, पण मला तसं वाटत नाही. असल्या हलक्या धातूवर राणीमातेची छबी मिरवायची मला लाज वाटेल. आम्हाला द्याल ती चांदीचीच द्या, असं तो म्हणाला. तिथे तुम्ही ‘खरा आवाज आला नाही’ असं लिहिलंय. खोट्या नाण्यासाठी आपल्याकडे नेमका शब्द असताना? पदक ‘बद्द वाजलं’ असं लिहा.