टचलाइनवरचा आवाज आणि तुझी शिट्टी

नियम पाठ असले तरी फुटबॉल पंच म्हणून पहिल्या मोसमात शिट्टी अडखळते. मुंबईतलं कूपरेज असो की वांद्र्याचं नेव्हिल डिसूझा मैदान, टचलाइनवरचा, म्हणजे मैदानाच्या कडेचा, आरडाओरडा थेट तुझ्या कानात येणार. 'माझ्यावर परिणाम होत नाही' असं मात्र समजू नकोस. इंग्लंडमधल्या एका प्रयोगात (२००२) प्रशिक्षित पंचांना एकाच सामन्याची चित्रफीत दाखवली होती. ज्यांना प्रेक्षकांचा आवाज ऐकू येत होता, त्यांनी यजमान संघाविरुद्ध कमी फाउल दिले.

म्हणून फाउल मोजायची तुझी पट्टी सुरुवातीलाच ठरव. पाचव्या मिनिटाला मैदानाच्या मध्यावर शर्ट ओढल्याबद्दल शिट्टी दिलीस, तर नव्वदाव्या मिनिटाला पेनल्टी बॉक्समध्येही द्यायलाच हवी. खरी कसोटी तिथेच लागते, मध्येच बदललेली पट्टीच खेळाडूंना सगळ्यात जास्त खुपते.

आणि भरपाई कधीच नको! एका पेनल्टीचा तुझा निर्णय चुकला म्हणून दुसऱ्या बाजूला एक दिलीस, तर चुका दोन होतात. खेळ पुन्हा सुरू झाला नसेल तर फुटबॉलच्या नियम ५ प्रमाणे निर्णय बदलता येतो, बेधडक बदल. सुरू झाला की तो विषय सोडून दे.

मध्यंतरात आयोजक 'जरा बघा हं' म्हणत आले, तर त्यांच्याशी एकट्याने बोलू नकोस, सहाय्यक पंचांना सोबत घे.